सुरतेला गेलेल्या आपल्या खान्देशी लोकांचा इतिहास डिजिटल करून ठेवायचाय, सुरुवात कुठून करू?

शिंदखेडा_पॅसेंजर
राम राम मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण इथे धुळे, जळगाव, नंदुरबारचे बरेच जण आहेत आणि निम्म्यांचं कोणी ना कोणी सुरतेतल्या उधना, लिंबायत, पांडेसरा नाहीतर डिंडोलीला असणारच, म्हणून विचारतो. माझे आबा (वडील) १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून सुरतेला गेले, लूमच्या खात्यात (कापड विणायच्या कारखान्यात) लागले, आयुष्य तिथेच गेलं आणि गुडघे गेले तेव्हा गावी परत आले. काका तसेच, मामा तसेच. आमच्या गल्लीत सुरतेत माणूस नाही असं घर सापडायचं नाही. पण या सगळ्याचं कुठे काही लिहून ठेवलंय का, तर नाही. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळ जळगाव जिल्ह्यातले हे सगळ्यांना पाठ आहे, पण जे हजारो लोक बारा-बारा तासांची पाळी करून तिथेच म्हातारे झाले त्यांचं काय?

आता माझ्याकडे काय आहे ते सांगतो. आईच्या पत्र्याच्या पेटीत मनीऑर्डरच्या कुपनांचा गठ्ठा निघाला. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, फॉर्मचा खालचा तुकडा पोस्टमन पैशासोबत घरी द्यायचा, त्यावर निरोप लिहायला दोन बोटं जागा असायची. एकावर फक्त एवढंच आहे, "बी घ्या. बैल विकू नका. दिवाळीले येतो." गंमत म्हणजे अक्षर आबांचं नाही, आबांना सहीपुरतंच लिहिता येतं, खोलीवरचा कोणीतरी लिहून द्यायचा, आणि वेगवेगळ्या वर्षांच्या कुपनांवर वेगवेगळी अक्षरं आहेत म्हणजे खोलीत कोण कधी होतं तेही त्यातून कळतं. शिवाय स्टुडिओत काढलेले फोटो आहेत (मागे ताजमहालाचा पडदा, हातात दुसऱ्याचं घड्याळ), खात्याचं हजेरी कार्ड, आणि टेपच्या काही कॅसेटी, ज्यात आबा आणि खोलीवरच्यांनी बोलून गावी निरोप पाठवलेत.

प्रश्न असे: हे सगळं मोबाईलने फोटो काढून चालेल का स्कॅनरच पाहिजे? ठेवायचं कुठे, ड्राइव्हवर, फेसबुकवर, का वेगळी वेबसाइट? आणि आबांना बोलतं कसं करू? विचारलं की म्हणतात त्यात काय सांगायचं, सगळेच जात होते. एकट्या आमच्या घरापुरतं नाही, जमलं तर आजूबाजूच्या दोन-चार गावांचं करायचा विचार आहे.

—

तापीकाठ
भाऊ, पहिलं काम म्हणजे त्या गठ्ठ्याला रबरबँड लावलेलं असेल तर ते आजच काढा. रबर वितळून कागदाला चिकटतं आणि मग कागदासकटच निघतं. टाचणी आणि स्टेपलच्या पिनाही काढा, गंजतात. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका! लोकांना वाटतं प्लास्टिकमध्ये घातलं म्हणजे सुरक्षित झालं, पण तो कागद नंतर कधीच मोकळा करता येत नाही आणि आतल्या आत पिवळा पडतो.

मी एका वाचनालयात जुने अंक स्कॅन करायच्या कामावर होतो, त्या अनुभवावरून सांगतो. कुपनं आणि छोटे फोटो असतील तर साधा फ्लॅटबेड स्कॅनर घ्या, सेकंड हँड मिळतो, आणि ६०० डीपीआयवर (किती बारकाईने स्कॅन करायचं त्याचा आकडा) करा. मोठी कागदपत्रं ३०० वर चालतील. मूळ फाइल टिफ मध्ये ठेवा, ती जड होते पण तीच खरी प्रत, पाठवायला दाखवायला तिच्यावरून जेपेग करून घ्या. स्कॅनर नसेल आणि वेळही नसेल तर मोबाईल चालेल, न केल्यापेक्षा केलेलं बरं, फक्त खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, कागद सपाट आणि मोबाईल बरोबर वर. दोन्ही बाजू घ्यायच्या. फोटोची मागची बाजू तर हमखास, स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणी पेनाने लिहिलेलं नाव, अर्धी माहिती मागेच असते.

आणि व्हॉट्सअपवर मागवू नका हो. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून बारीक करतो आणि कधी काढला ती माहितीही जाते. मागवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे नोंद. आयएमजी_२०२४ असल्या नावाच्या पाचशे फाइली म्हणजे उकिरडाच. प्रत्येकाला एक नंबर द्या, आणि एका एक्सेलमध्ये त्या नंबरापुढे लिहा: काय आहे, कोणाकडून मिळालं, कुठलं गाव, सुरतेत कुठला भाग, अंदाजे साल, फोटोत डावीकडून कोण कोण. साल नक्की माहीत नसेल तर "अंदाजे" लिहा, उगाच ठोकून देऊ नका. हे ज्या दिवशी स्कॅन कराल त्याच दिवशी करा, नंतर करू म्हटलं की कधीच होत नाही.

—

बोरीपार
काम चांगलं आहे पण मला एक समजत नाही, याला स्थलांतरितांचा इतिहास कसं म्हणायचं? अमेरिकेला गेले, आफ्रिकेत गेले तर ठीक. सुरत काय परदेश आहे का, रात्री गाडीत बसलं की सकाळी उधना. आमच्याकडे लोक सुरतेला जाणं म्हणजे शेतात जाण्यासारखं समजतात.

—

चोपडेकर
बोरीपार, तुमचं बरोबर आहे आणि म्हणूनच कोणी लिहून ठेवलं नाही ना! जवळचं आहे, रोजचं आहे, मग त्यात काय लिहायचं, असंच झालं.

थोडं मागे जाऊन बघा. सुरतेहून अमळनेरपर्यंतची ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या आसपास सुरू झाली, म्हणजे नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा ही सगळी गावं सुरतेला थेट जोडली गेली तेव्हापासून. तेव्हा राज्यही एकच, मुंबई इलाखा आणि नंतर मुंबई राज्य. १ मे १९६० ला मध्ये रेघ पडली. नवापूर स्टेशन बघितलंय ना, प्लॅटफॉर्म अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. म्हणजे गाडी तीच, माणसं तीच, पण त्या दिवसानंतर उधन्याला उतरणारा माणूस परराज्यातला झाला. मुलांची शाळा, रेशनकार्ड, जातीचा दाखला, सगळ्यात भानगडी सुरू. जातीच्या दाखल्यासाठी सुरतेतून गावी आणि गावाहून सुरतेला किती चपला झिजल्या ते विचारा कोणालाही. आता याला स्थलांतर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

मूळ प्रश्नाकडे येतो. अमेरिकेत दक्षिण आशियाई लोकांसाठी 'साडा' म्हणून एक डिजिटल संग्रह आहे, साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह, २००८ पासून, फिलाडेल्फियात. त्यांच्या दोन गोष्टी आपल्याला जशाच्या तशा उचलता येतील. एक म्हणजे ते मूळ वस्तू ठेवून घेत नाहीत. कागद, फोटो घेतात, स्कॅन करतात आणि घरच्यांना परत देतात. त्यामुळे मोठी इमारत लागत नाही, आणि लोकही द्यायला घाबरत नाहीत. आपल्याकडे "वाचायला नेलं ते परत आलंच नाही" याचा अनुभव घराघरात आहे, म्हणून म्हातारी माणसं पेटीला हात लावू देत नाहीत. तुम्ही त्यांच्या ओसरीवरच स्कॅनर लावा, त्यांच्यासमोर करा, कागद पेटीत परत ठेवूनच उठा. मग बघा.

दुसरी गोष्ट, त्यांचा एक उपक्रम आहे ज्यात फक्त अमेरिकेतल्या पहिल्या दिवसाबद्दल विचारतात. आयुष्याची कहाणी सांगा म्हटलं की माणूस गप्प होतो, तुमच्या आबांसारखा. पण पहिल्या दिवशी कुठे उतरलात, कोण घ्यायला आलं, रात्री कुठे झोपलात, काय खाल्लं, हे विचारलं की माणूस बोलायला लागतो आणि मग थांबत नाही. तुम्हीही एवढंच विचारा, "आबा, उधन्याले उतरनात तो दिवस सांगा". एकच प्रश्न पन्नास जणांना विचारला तर पन्नास उत्तरं एकमेकांशेजारी ठेवता येतात. पन्नास वेगवेगळ्या गप्पांचं काही जमत नाही.

आणि असले घरगुती कागद काय करू शकतात त्याचं उदाहरण त्याच संग्रहात आहे. वैष्णो दास बगाई नावाचे गृहस्थ १९१५ साली बायकामुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला गेले, तिथे दुकान टाकलं, नागरिकत्व मिळालं, आणि १९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने भारतीय लोक नागरिक होऊच शकत नाहीत असा निकाल दिल्यावर ते काढून घेतलं गेलं. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. त्यांची कागदपत्रं, फोटो, पत्रं घरच्यांनी सांभाळली म्हणून आज ती गोष्ट कोणालाही वाचता येते. सरकारी दप्तरात त्यांची एक फाइल असेल फार तर.

—

सिंधी_कॉलनी_जळगाव
मी जन्माने जळगावकर, घरात सिंधी, बाहेर मराठी, आणि दुकानात बसलं की अहिराणीसुद्धा. आमची मंडळी १९४७ नंतर सिंधमधून निघाली, कल्याण कॅम्पमध्ये राहिली (आताचं उल्हासनगर) आणि तिथून जळगावला आली. तुमच्या धाग्यावर लिहायचं कारण म्हणजे आमच्या घरात जे झालं ते तुमच्याकडे होऊ नये.

माझ्या आजोबांची वही आहे. कोणाकडून किती घेतलं, शिकारपूरला घर कसं होतं, कोण कुठल्या शहरात गेलं, असं बरंच काही त्यात लिहिलंय असं आजी सांगायची. पण ती वही अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहे. माझ्या वडिलांना ती अर्धवट वाचता यायची, मला एक अक्षर येत नाही. आम्ही शाळेत देवनागरी शिकलो. म्हणजे कागद आहे, शाई आहे, स्कॅनही केलं, पण घरात वाचणारं कोणी नाही. म्हणून सांगतो, स्कॅन करून गप्प बसू नका. ज्याला ते वाचता येतं, समजतं, ओळखता येतं तो माणूस आहे तोवर त्याच्यासमोर कागद ठेवा आणि तो काय बोलतो ते रेकॉर्ड करा. तुमची कुपनं मराठीत आहेत हे ठीक, पण त्यातलं "बैल विकू नका" म्हणजे कुठला बैल, का विकायची वेळ आली होती, हे आईलाच माहीत असणार. आबांना रेकॉर्ड कराल तसं आईलाही करा.

फाळणीच्या आठवणी गोळा करणारं १९४७ पार्टिशन आर्काइव्ह आहे, कॅलिफोर्नियात बर्कलीला, डॉ. गुनिता सिंग भल्ला यांनी सुरू केलेलं. त्यांनी दहा हजारांच्या वर मुलाखती जमवल्या. त्यातल्या कितीतरी साध्या लोकांनी, थोडं ट्रेनिंग घेऊन आपापल्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या घेतलेल्या आहेत. प्राध्यापक असायला पाहिजे असं काही नाही. आम्हाला हे उशिरा कळलं, तोवर आमच्या गल्लीतले सिंध बघितलेले एकेक करून गेले. म्हणून माझं म्हणणं असं की फोटो, कॅसेट थांबतील थोडे दिवस, ऐंशीच्या वरची माणसं थांबणार नाहीत. क्रम वयाप्रमाणे लावा.

—

लिंबायतची_माय
सगळ्यांचं वाचलं. मी लग्न होऊन पारोळा तालुक्यातून लिंबायतला आले ते इथलीच झाले. एक तक्रार आहे, सगळे आबा, काका, मामा यांच्याबद्दल बोलताय. सुरतेला बायका नव्हत्या का? सिंधीवाल्या दादांनी आईचं नाव काढलं तेवढंच.

लूमवर पुरुष गेले, घरात साड्यांचे गठ्ठे आम्ही घेतले. धागा कटिंग, टिकली लावणं, स्टोन लावणं, फॉल-बिडिंग, हे सगळं दहा बाय दहाच्या खोलीत, पोरं झोपली की, आणि पैसे नगावर. त्याचं हजेरी कार्ड नाही, पगाराची पावती नाही, कुठेच नोंद नाही. गठ्ठा आणणारा शेठचा माणूस एका चिटोऱ्यावर आकडा लिहायचा आणि हिशेब झाला की फाडून टाकायचा. मग आमचा इतिहास तुम्ही कुठल्या कागदावरून स्कॅन करणार? तो विचारूनच घ्यावा लागेल. आणि बायका घरातल्या पुरुषांसमोर बोलत नाहीत हे आधीच सांगते. नवरा शेजारी बसला की "तेच सांगतील" म्हणतात. कोणी मुलगी, सून रेकॉर्ड करायला असेल तर बोलतील, आणि हात चालू ठेवून बोलतील, त्यांना खुर्चीत बसवून माईक लावू नका.

दुसरं, कानबाई, आपली खान्देशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी इथे इतक्या घरांत कानबाई बसते की लिंबायतमधून चालताना वाटतं आपण पारोळ्यातच आहोत. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आमच्याकडे भाऊबंदातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन मुठीने गहू घालतात. नावं घ्यायचं काम घरातली मोठी बाई करते, एकही नाव चुकवत नाही, कोण गावात आहे, कोण पुण्याला गेला, कोणाला नवा पोरगा झाला, कोणाचं नाव आता घ्यायचं नाही, सगळं तोंडपाठ. ते गहू मोजतानाचं रेकॉर्डिंग करा ना कोणीतरी! अख्ख्या कुळाचा हिशेब दहा मिनिटांत मिळेल. भाटांच्या वहीतसुद्धा एवढं ताजं नसतं. आमची नणंद हे करायची, आता तिला विसरायला होतं, तर दोन वर्षांपासून माझ्याकडे आलंय आणि मी आपली वहीत लिहून घेतलंय, कारण मला तसं पाठ राहत नाही.

तिसरं, प्लेग. १९९४ चा. सप्टेंबर होता, गणपती नुकतेच बुडवलेले. एकाएकी बातमी आली आणि रातोरात लोक निघाले, स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानात मिळेनात. आम्ही दोन लेकरं घेऊन गावी आलो तर गावातल्या लोकांनी आम्हाला वेशीजवळच्या शाळेत थांबवलं. सख्ख्या जावेने लांबून ताट सरकवलं. आम्ही सुरतेत परप्रांतीय आणि गावात रोग घेऊन आलेले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा तेच बघितलं, शाळा तीच. आता हे सांगायचं का नाही? जाऊबाई हयात आहे, चांगली आहे, आमचं येणं-जाणं आहे. तिचं नाव घेऊन मी हे नेटवर टाकणार नाही. पण सांगायचं नाही असंही मला वाटत नाही. तर याचं काय करायचं ते जाणकारांनी सांगा.

आणि फोटो म्हणाल तर माझ्या लग्नाचा अल्बम ऑगस्ट २००६ च्या पुरात गेला. उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि तापी घरात आली. पाणी उतरल्यावर अल्बम उघडला तर सगळी पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. फेकला नाही अजून.

—

तापीकाठ
ताई, ती वीट फेकू नका. ओले असताना साध्या गार पाण्यात ठेवले असते तर फोटो सुटले असते, पण आता वाळून इतकी वर्षं झाली, ओढून सोडवायला जाल तर चित्र सोलून निघेल. आहे तसं ठेवा, जी पानं दिसतात तेवढी स्कॅन करा, आणि त्या अल्बमाचाच फोटो काढून त्याखाली २००६ चा पूर असं लिहा. आणि तुमच्या लग्नाचे फोटो माहेरी, वऱ्हाडातल्या कोणाकडे, फोटोग्राफरकडे असू शकतात. निगेटिव्ह मिळाली तर फारच छान, निगेटिव्हवरून स्कॅन करता येतं, उजेडाचा स्कॅनर लागतो.

जावेच्या प्रश्नावर माझं मत, रेकॉर्डिंग पूर्ण करा, काही वगळू नका, पण दोन प्रती ठेवा. एक पूर्ण, कुलपात, आणि एक लोकांसाठी, जिच्यात नावं नाहीत. कुलपातली कधी उघडायची ते तुम्ही ठरवा आणि तसं त्याच रेकॉर्डिंगच्या शेवटी तुमच्या तोंडाने बोलून ठेवा. मुलाखत सुरू करतानाच नाव, तारीख, गाव आणि "हे कोणाला ऐकवलेलं चालेल" हे विचारून घ्यायचं, म्हणजे परवानगी आवाजातच राहते. मुलाखत झाल्यावर एक साधा कागदही करून घ्या. आणि रेशनकार्ड, आधार, पासबुक असले कागद नेटवर टाकताना नंबर झाकायचे, एवढं तरी कटाक्षाने पाळा.

—

शिंदखेडा_पॅसेंजर
अरे बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं बरोबर आहे, पेटी आईची, गठ्ठा आईने बांधलेला आणि मी धागा आबांच्या नावाने सुरू केला.

चोपडेकरांचा प्रश्न काल विचारून बघितला. जेवण झाल्यावर सहज म्हणालो, उधन्याले उतरनात तो दिवस सांगा. आबा म्हणाले, "गाडीमा बठनू, उधनाले उतरनू, खिसामा दोन रुप्या व्हतात, नि पायमा मोठा भाऊना जोडा." मग त्या जोड्याचीच गोष्ट अर्धा तास. जोडा मोठा होता म्हणून पुढे चिंध्या कोंबल्या होत्या, खात्यात गेल्यावर मुकादमाने तो काढायला लावला कारण लूमजवळ अनवाणीच उभं राहायचं, आणि संध्याकाळी बाहेर आले तर जोडा गायब. मग पहिल्या ताक्याचे पैसे आले त्यातून आधी चप्पल घेतली आणि भावाला जोडा हरवल्याचं तीन वर्षं सांगितलं नाही. मोबाईलवर रेकॉर्ड झालंय, मागे आमच्या कुत्र्याचा आवाज आहे पण असू दे.

आता नवा प्रश्न. आबा अहिराणीतच बोलतात. लिहून काढायचं तर मराठीत लिहू का अहिराणीत? आमच्या चुलतभावाचं म्हणणं मराठीत लिही, अहिराणी कोण वाचणार.

—

कान्हदेशी
अहिराणीतच लिहा, भाऊ. जसं बोलले तसं, "बठनू" ला "बसलो" करू नका. खाली चार ओळीत मराठीत गोषवारा द्या म्हणजे बाहेरच्याला कळेल. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषा सांगणारे १८ लाखांच्या वर होते, म्हणजे वाचणारे नाहीत असं नाही, लिहिलेलं नाही म्हणून वाचत नाहीत. आणि सुरतेतल्या अहिराणीत लूमचे, बाजाराचे गुजराती शब्द मिसळलेत, ते पण तसेच राहू द्या, पुढे कोणी भाषेचा अभ्यास करणारा आला तर त्याला तेच पाहिजे असतील.

आपल्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात, जात्यावर गायच्या, मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने ते उतरवून घेतलं म्हणून १९५२ मध्ये पुस्तक आलं, त्या गेल्यानंतर वर्षभराने. तेव्हा कोणी ते प्रमाण मराठीत साफ करून लिहिलं असतं तर काय राहिलं असतं? आणि जे उतरवून घेतलं नाही ते गेलंच.

रेकॉर्डिंगबद्दल एक, मोबाईलमध्ये वेव्ह फाइलचा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर सगळ्यात वरची क्वालिटी. पंखा बंद. मोबाईल नुसता टेबलावर ठेवू नका, खालती रुमाल ठेवा, नाहीतर कपबशीचा प्रत्येक आवाज तोफेसारखा येतो. कॅसेटींसाठी, जुना टेपरेकॉर्डर लावायच्या आधी कॅसेट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडलेली पट्टी चिकटलेली असते. पट्टीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर मात्र लावूच नका, हेड खराब होतो आणि पट्टीही जाते. चांगली असेल तर हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला, ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात रेकॉर्ड. एक कॅसेट तासाची असेल तर तासच लागतो, घाई चालत नाही.

—

चोपडेकर
ठेवायचं कुठे याचं उत्तर राहिलं. फेसबुक ग्रुपवर टाकलं तर लाइक येतील आणि आठवड्यात खाली जाईल, पुन्हा शोधताना सापडत नाही, आणि ग्रुप चालवणाऱ्याने कंटाळून बंद केला की संपलं. यूट्यूबवर लग्नाच्या कॅसेटी टाकल्या तर मागच्या बँडच्या गाण्यावरून कॉपीराइटची नोटीस येते, म्हणून एकमेव प्रत तिथे नको. तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. म्हणजे एक तुमच्या कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी सुरतेत काकांकडे नाहीतर ऑनलाइन. पुराचं ऐकलंत ना वर, एकाच घरात दोन्ही डिस्क ठेवून काही उपयोग नाही. डिस्क कपाटात ठेवून विसरू नका, वर्षातून एकदा लावून बघायची.

लोकांसाठी खुलं ठेवायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर फुकट खातं काढून टाकता येतं, टिफ, वेव्ह, पीडीएफ सगळं घेतात. स्वतःची व्यवस्थित वेबसाइट पाहिजे असेल तर ओमेका नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, खास संग्रहांसाठीच बनवलेलं, पण होस्टिंगचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीला वेबसाइटच्या मागे लागू नये. आधी नाव, लोगो, उद्घाटन, पाहुणे, आणि आत वीस फोटो, असे प्रकार मी पाहिलेत. एक्सेल भरा आधी.

आणि शेवटी एक प्रत संस्थेत ठेवायचा विचार करा. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासूनचं. राजवाड्यांनी पायपीट करून घरोघरची दप्तरं गोळा केली ती जहागीरदार, देशमुख, कुलकर्ण्यांची, कारण कागद त्यांच्याकडेच होते. लूमवाल्यांची दप्तरं म्हणजे ही कुपनं आणि हे जोड्याचं रेकॉर्डिंग. विद्यापीठात इतिहास, मराठी विभागात पण बोलून बघा, एखाद्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून दिलं तर लिहून काढायचं काम निम्मं होईल. हार्ड डिस्क देताना मात्र यादी दोन प्रतींत, सही-शिक्का घेऊन.

—

बोरीपार
बरं, माझा वरचा प्रश्न मागे घेत नाही पण माझ्याकडे पण काहीतरी आहे ते सांगतो. चुलते उधन्याच्या एका खान्देशी मंडळात होते, दर काही वर्षांनी स्मरणिका काढायचे. छापील अंक वाळवीने खाल्ले पण छापखान्याची सीडी आहे. त्यात पेजमेकरच्या (छपाईची पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइली आहेत, उघडतात पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. सदस्यांची पूर्ण यादी आहे त्यात, गावासकट. काही होईल का याचं?

—

कान्हदेशी
होईल. तो कचरा नाही, फॉन्ट जुना आहे, युनिकोडच्या (आता सगळीकडे मराठी सारखीच दिसते ती पद्धत) आधीचा. ज्या फॉन्टात टाइप केलंय तो कॉम्प्युटरवर टाकला की मराठी दिसेल, मग पीडीएफ करून घ्या, आणि नंतर कन्व्हर्टरने युनिकोड. फाइलमध्ये फॉन्टचं नाव कुठे दिसतंय ते बघून इथे लिहा. पण सगळ्यात आधी सीडी कॉम्प्युटरवर कॉपी करा, आजच, घरी लिहिलेल्या सीडी वीस वर्षांनी दगा देतात. यादी उघडली तर त्यातले घरचे पत्ते आणि फोन नेटवर टाकू नका, शिंदखेडावाल्यांना खाजगीत पाठवा, त्यांना पन्नास माणसं शोधायचीच आहेत.

—

बोरीपार
सीडी लावली. निम्म्या फाइली कॉपी झाल्या, एका ठिकाणी अडकतेय, घरघर करते आणि बंद पडते. फॉन्टचं नाव एसएचआरईई ने सुरू होतंय, पुढे आकडे. धुळ्यात कोणाकडे जुना सीडी ड्राइव्ह चांगला चालणारा असेल तर सांगा, मी रविवारी येतोच आहे बाजाराला.

—

लिंबायतची_माय
यादीत लिंबायतच्या संजय नगरची नावं असतील तर मला कळवा, निम्मी माणसं माझ्या ओळखीची निघतील. कोण हयात आहे, कोण गावी गेलं, कोणाची सून बोलू देईल, सगळं सांगते.